ओढ्यात पोकलेन उतरण्याआधी: पाणलोट विकासकामाची पर्यावरणीय आखणी आणि तपासणी

पाणलोटाच्या बहुतेक प्रकल्प अहवालांत ‘पर्यावरणीय परिणाम’ या मथळ्याखाली अर्धे पान असते आणि त्यात परिणाम अनुकूल असल्याचे लिहून विषय मिटवलेला असतो. पाणी अडवायचे म्हटल्यावर ते काम पर्यावरणाचेच, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात वर अडवलेले पाणी खालच्या कुणाच्या तरी वाट्यातून येते. नाला खोदला की पात्र, काठ आणि काठावरच्या विहिरी या तिन्हींवर परिणाम होतो. माळावर चर मारले की गवत उलथते. हे नुकसान कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे अंदाजपत्रक बनण्याआधी ठरवायला हवे. तांत्रिक मंजुरी मिळालेला बंधारा वगळायला नंतर कुणी तयार होत नाही.

पुढची पद्धत दख्खनच्या पठारावरील, साधारण ५०० ते ५,००० हेक्टरच्या पाणलोटांसाठी आहे. कोकण आणि घाटमाथ्याचे नियम वेगळे. त्यांचा उल्लेख जागोजागी येईल. पूर्ण तपासणीला एक ऑक्टोबर, एक मे आणि त्यानंतरचा पहिला पाऊस लागतो, म्हणजे किमान आठ महिने. पावसाळा संपताच सुरुवात केली तर पुढच्या हिवाळ्यात काम सुरू करता येते.

हद्द आखताना गावाची शीव विसरा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा घ्या. त्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात. मोठी हद्द आखायला तेवढे पुरते, चर आखायला नाही. निचऱ्याचे जाळे काढून प्रवाहांना क्रम द्या: उगमाकडचे पहिल्या क्रमाचे, असे दोन मिळाले की दुसऱ्या क्रमाचा, याप्रमाणे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून पाणलोटाचा संकेतांक आणि भूजल मूल्यांकनातील वर्गवारी मिळवा. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे जमीनवापराचे थर आणि इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरील उपग्रहचित्रे त्यावर ठेवा. शेवटी गटनकाशा.

प्रकल्पाची हद्द एक आणि तपासणीची हद्द दुसरी, हे इथेच ठरवा. तपासणी खालच्या बाजूला पुढच्या मोठ्या साठ्यापर्यंत किंवा संगमापर्यंत जायला हवी. खालच्या गावाचा पाझर तलाव कोरडा पडला, ही तक्रार कामानंतर दोन वर्षांनी येते आणि तेव्हा कागदावर काहीच सापडत नाही, कारण तो तलाव हद्दीबाहेर असतो.

पाण्याचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या टाळायला साधे गणित पुरते. अपधाव, म्हणजे पावसाचे वाहून जाणारे पाणी, काढायला अवर्षणप्रवण, पठारी भागासाठी इंग्लिस-डिसूझा सूत्र अजून कामाचे आहे:

अपधाव (सेंमी) = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४

पाऊसही सेंमीमध्ये घ्यायचा. वर्षाला ६० सेंमी पाऊस झाला तर अपधाव सुमारे १० सेंमी येतो. ५०० हेक्टरवर ते ५०० टीसीएम झाले (१ टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर). पाऊस ४० सेंमी झाला तर अपधाव साडेतीन सेंमी, म्हणजे फक्त १७५ टीसीएम. पाऊस एक तृतीयांशाने घटला, वाहून येणारे पाणी मात्र जवळपास दोन तृतीयांशाने. सरासरी पावसावर आखलेली साठवण दुष्काळात का फसते, ते या दोन आकड्यांत आहे.

म्हणून सरासरी घेऊ नका, ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा काढा, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत तरी वाहून येईल एवढे पाणी. महसूल मंडळाच्या ३१ वर्षांच्या पावसाची आकडेवारी उतरत्या क्रमाने लावली की वरून २४व्या क्रमांकाचे वर्ष हवे. त्या पावसावर सूत्र चालवा. सूत्र ढोबळ आहे. चार मोठ्या सरींत पडलेला आणि महिनाभर भिजत पडलेला पाऊस त्याला सारखाच दिसतो. त्यामुळे जवळच्या लघु प्रकल्पाच्या येव्याच्या नोंदींशी उत्तर ताडून घ्या.

आता आहे ती साठवण मोजा. समजा त्याच ५०० हेक्टरवर १२० टीसीएमचा एक पाझर तलाव, प्रत्येकी ८ टीसीएमचे सहा सिमेंट नालाबांध आणि प्रत्येकी २ टीसीएमची वीस शेततळी आहेत. बेरीज २०८ टीसीएम. चाळीस सेंमीच्या वर्षातला सगळा अपधाव १७५. शिवाय पाझर तलाव आणि नालाबांध झिरपून रिकामे होत हंगामात दीड-दोन वेळा भरतात, म्हणजे प्रत्यक्ष ओढ त्याहून मोठी. अशा पाणलोटात नव्या साठवणीला जागा नाही. तिथे गाळ काढणे, गळके बंधारे दुरुस्त करणे, बांधबंदिस्ती आणि पीकबदल एवढीच कामे योग्य. अहवालात हे स्पष्ट लिहिण्याचे धाडस लागते, कारण त्यामुळे प्रकल्पाची रक्कम कमी होते.

अस्तरीकरणाची (तळाला प्लास्टिक अंथरलेली) शेततळी वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यातून काही झिरपत नाही. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलेले शेततळे ही साठवण नव्हे. ते भूजल उघड्यावर आणून वाळवणे आहे. ऑक्टोबर ते मे या काळात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानेच सव्वा ते दीड मीटर उतरते.

खडक काय म्हणतो

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर आहे. वरची माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र किंवा सांधे असलेला खडक, त्याखाली काळा फत्तर, मध्येच तांबड्या गेरूचा पट्टा. थोड्याफार फरकाने हीच उतरंड. पाणी मुरते ते मुरमात आणि सच्छिद्र थरात. फत्तरात खोदलेला नाला म्हणजे नुसते टाके.

भूस्तर बघायला बोअर मारण्याची गरज नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांवर २०० मीटरच्या आत जेवढ्या जुन्या विहिरी आहेत त्यांत उतरून पाहा किंवा टेप सोडून प्रत्येक थराची खोली लिहा. पाझर कुठल्या थरातून येतो ते विहिरीच्या मालकाला पक्के ठाऊक असते. ओढ्याच्या पात्रात दर २०० मीटरला एक चाचणी खड्डा घ्या. एवढ्यावरून उभा छेद काढता येतो.

यानंतरची चाचणी खोलीकरणाच्या जवळपास सगळ्या प्रस्तावांत गाळलेली असते. ऑक्टोबरअखेर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण) लावून काठावरच्या विहिरींतील पाण्याची पातळी आणि ओढ्याच्या तळाची पातळी एकाच संदर्भबिंदूवरून मोजा. विहिरीतले पाणी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तर त्या टप्प्यात भूजल ओढ्याला मिळते. ओढा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाहतो तो त्यामुळेच. अशा टप्प्यात दोन मीटर खोलीकरण केले तर काठाच्या विहिरींचे पाणी त्या चरात उतरून वाहून जाते. पहिल्या वर्षी ओढा भरलेला दिसतो, फोटो छान येतात, आणि मार्चमध्ये विहिरी आधीपेक्षा लवकर तळ गाठतात. विहिरीची पातळी तळापेक्षा खाली असेल, तळाशी मुरूम असेल आणि वर गाळाचा थर बसला असेल, तरच खोलीकरणाला अर्थ आहे. तेव्हाही तळापासून ३ मीटरपेक्षा खोल जाऊ नका आणि कठीण खडक लागला की थांबा.

‘पण शिरपूरला तर याहून खोल खोदले’, हे वाक्य बैठकीत येतेच. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या जाड गाळथरावर आहे. तिथे वरची चिकण फोडल्यावर खाली वाळू-गोट्यांचे पाणी घेणारे थर लागतात. सोलापूर किंवा बीडच्या बेसाल्टमध्ये तेवढ्या खोलीवर फत्तर असतो.

माळ, डोह आणि काठ

सात-बाऱ्यावर ‘पोटखराबा’ किंवा ‘गायरान’ लिहिलेली जमीन पडीक समजून तिथे सलग समतल चर आणि दाट वृक्षलागवड दाखवण्याची सवय आहे. अहिल्यानगर, सोलापूर, पुणे जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतली माळराने ही स्वतंत्र परिसंस्था आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांचे घर तेच. नान्नजचा माळढोक याच गवताळ प्रदेशातला. पवन्या, मारवेल, डोंगरी गवत टिकून असलेला माळ स्वतःच माती धरून ठेवतो. त्यात ओळीने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावणे हा ऱ्हास आहे, उपचार नव्हे. तपासणीत माळाच्या दर ५ हेक्टरला एक, एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून गवताचे आच्छादन नोंदवा. आच्छादन चांगले असेल तर तिथे चर नकोत, चराईचे वेळापत्रक पुरे. कुसळी माजली असेल आणि मुरूम उघडा पडला असेल तिथे चर घ्या आणि त्यात स्थानिक गवताचे बी पेरा.

ओढ्याची पाहणी तीनदा करा: ऑक्टोबरमध्ये वाहत्या पाण्याची, एप्रिल-मेमध्ये उरलेल्या पाण्याची आणि पहिल्या पावसात माशांची. मेमध्ये पाणी टिकवणारा प्रत्येक डोह नकाशावर चिन्हांकित करा, त्याची खोली मोजा आणि तो ‘हात न लावण्याचे क्षेत्र’ म्हणून घोषित करा. मरळ, वाम, शिंगटा, कासवे यांचा उन्हाळा या डोहांतच निघतो. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाच्या उलट चढतात. ठाणे-कोकणाकडे त्याला वलगण म्हणतात. दीड मीटर उंचीची उभी सिमेंट भिंत त्यांची वाट बंद करते. मासे चढताना दिसलेल्या प्रवाहात भिंतीऐवजी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) घ्या, किंवा भिंतीच्या एका टोकाला दगडांचा उतरता पायऱ्यांचा मार्ग ठेवा, नाहीतर तो प्रवाह मोकळा सोडा.

काठाचे उभे मातीचे कडे यंत्रचालकाला ‘साफ करायचे’ वाटतात. वेडा राघू आणि खंड्या तिथेच बिळे करून फेब्रुवारी ते मे-जूनमध्ये पिल्ले वाढवतात. नेमका तोच यंत्रकामाचा हंगाम. बिळे असलेला कडा चुन्याने खूण करून वगळा. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, वाळुंज यांची मोजणी करा. पात्रातली शेरणी आणि लव्हाळा उपटू नका. पुराचा जोर तीच झुडपे मोडतात. वेडी बाभूळ, घाणेरी, बेशरम काढायला हरकत नाही, पण काठ उघडा न ठेवता लगेच वाळ्याची किंवा स्थानिक झुडपांची लागवड हवी.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही मागून घ्या. काही ठिकाणी ती कोरी असते, काही ठिकाणी अतिशय उत्तम.

माणसे

शिवारफेरी माथ्यापासून पायथ्यापर्यंत, चालत आणि दोनदा. एकदा ग्रामस्थांबरोबर, एकदा फक्त महिलांबरोबर; पिण्याचे पाणी, सरपण, जनावरांचे पाणवठे यांची खरी माहिती दुसऱ्या फेरीत मिळते. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव ग्रामसभेत हात वर करून मंजूर होतो, तेव्हा ज्यांची मेंढरे त्या माळावर चरतात ते बहुधा सभेत नसतात. फिरत्या धनगर कुटुंबांचे येण्याजाण्याचे महिने आणि वाटा विचारून नकाशावर काढा. संपूर्ण बंदीऐवजी माळाचे तीन भाग करून पाळीपाळीने एक भाग बंद ठेवला तर ठराव पाळला जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीला आराखड्याची प्रत देऊन लेखी म्हणणे घ्या.

परवानग्या

इथे यादी पुरे, पण ती प्रत्येक कामासाठी स्वतंत्रपणे तपासा.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली छोट्या पाणलोट कामांना सहसा पूर्वमंजुरी लागत नाही. जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीतल्या परिशिष्टाने देखभालीसाठीचे गाळ काढणे आणि शासकीय योजनेतून वा लोकसहभागातून होणारी गावतळ्यांची कामेही त्या मंजुरीतून वगळली. याचा अर्थ वाळू विकायला मोकळीक असा कुणी काढत असेल तर ते गौण खनिजाचे प्रकरण होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली वाहनासकट कारवाई होते. गाळ शेतात जाऊ शकतो, वाळू नाही.

जमीन वनविभागाची असेल तर १९८० च्या वन कायद्याची मंजुरी किंवा वनविभागाच्या स्वतःच्या आराखड्यातून काम. विदर्भातील झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे तिथला ‘महसुली पडीक’ हा शेरा पुरेसा धरू नका. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरच्या आतल्या जलसंधारण रचनांना, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने वाट निघते. अभयारण्यातून वाहणारे किंवा त्यात शिरणारे पाणी अडवायचे-वळवायचे असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २९ आडवे येते, आणि ते गंभीरपणे घ्यावे. खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा. अधिसूचित नदीवर जलसंपदा विभागाची ना-हरकत आणि पूररेषा पाहा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव टाकता येत नाही.

प्रत्येक उपचाराची छाननी

आता प्रस्तावित कामांचा तक्ता करा. रकाने: गट क्रमांक, उपचार, पर्याय, होणारे नुकसान, ते टाळण्याची उपाययोजना, तिचा खर्च, जबाबदार व्यक्ती, महिना. ‘पर्याय’ या रकान्यात ‘काहीच न करणे’ हा पर्याय प्रत्येक वेळी लिहायचा आणि तो का नाकारला तेही लिहायचे. उपाययोजनेचा खर्च अंदाजपत्रकाच्या बाबींत गेला नाही तर ती होणार नाही, एवढे गृहीत धरा.

माथ्यावर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल चर धावत्या मीटरला १८० लिटर पाणी धरतो. ३३ टक्क्यांहून जास्त उतारावर चर घेऊ नका. माळीण (२०१४), तळीये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) या दरडींच्या दुर्घटना ज्या सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात घडल्या, तिथे जाड मातीच्या तीव्र उतारावर पाणी मुरवणे धोक्याचे. भूवैज्ञानिकाच्या लेखी मताशिवाय एकही चर नको. पहिल्या-दुसऱ्या क्रमाच्या ओघळीत अनगड दगडी बांध, पण दगड त्याच ओघळीतले उपटून नव्हे. त्याने ओघळ आणखी खोल जाते.

नालाबांधांच्या मालिकेत खालच्या बंधाऱ्याचे पूर्ण संचय पातळीचे (तो काठोकाठ भरल्यावरचे) पाणी वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंतच पोचावे. सांडव्यासाठी महत्तम विसर्ग (पुराच्या वेळी सेकंदाला येणारे जास्तीत जास्त पाणी) काढा: अपधाव गुणांक (पावसापैकी वाहून जाणारा भाग) × पावसाची तीव्रता (मिमी प्रतितास) × हेक्टर ÷ ३६०. गुणांक ०.४, तीव्रता ६० आणि क्षेत्र १२० हेक्टर असेल तर सेकंदाला ८ घनमीटर. सांडवा याला पुरेसा नसेल तर पाणी बगलेतून जाते आणि शेजारच्या शेताचा बांध घेऊन जाते. बंधारे फुटण्याचे नेहमीचे कारण हेच: भिंत शाबूत, बगल वाहून गेलेली.

खोदलेल्या मालाचे काय करायचे, हे आधी ठरवा. ५०० मीटर लांब, १० मीटर रुंद, दीड मीटर खोल म्हणजे ७,५०० घनमीटर. खोदल्यावर तो साधारण चतुर्थांशाने फुगतो: सुमारे ९,४०० घनमीटर, म्हणजे ३,३०० ब्रास. तीन ब्रासचा टिपर धरला तरी अकराशे खेपा. एवढ्या खेपांचा रस्ता, डिझेल आणि टाकायची जागा आराखड्यात नसेल तर तो ढीग काठावरच राहतो आणि पहिल्या पुरात परत पात्रात येतो. ढीग काठापासून किमान खोदाईच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर असावा. काठाला मुरमात १:१ आणि मातीत १:१.५ (उभे:आडवे) असा उतार द्या.

शेतात जाणारा गाळ आधी तपासा. हलक्या, मुरमाड जमिनीवर १० सेंमी थर, म्हणजे एकरी सुमारे ४०० घनमीटर, उत्तम. भारी काळ्या जमिनीवर तोच गाळ निचरा बंद करतो. क्षारता आणि चुनखडीची चाचणी करून घ्या. वरच्या अंगाला शहर किंवा औद्योगिक वसाहत असेल तर जड धातूंचीही.

काम चालू असताना

यंत्र उतरण्याच्या दिवशी चालक, मुकादम आणि गावाच्या पाणलोट समितीचा एक सदस्य यांनी पूर्ण टप्पा चालून चुन्याच्या खुणा पाहायच्या. डोह, कडे, राखायची झाडे दाखवून द्यायची. नकाशा चालकाच्या केबिनमध्ये राहिला पाहिजे. कार्यालयातल्या फाईलचा त्याला उपयोग नाही. काम खालून वर नेऊ नका: वरच्या ओघळींचे बांध आधी, मग ओढा. उलट केल्यास पहिल्याच पावसात नवा खोदलेला भाग गाळाने भरतो. डिझेलची टाकी आणि ऑइल बदलण्याची जागा पात्राबाहेर. तीन गोष्टी दिसताच काम थांबवायचा अधिकार समितीला लेखी द्या: कठीण खडक, तळातून वर येणारा जिवंत झरा आणि काठाला पडलेल्या भेगा. मे संपण्याआधी यंत्र बाहेर.

मोजणी

तुलनेसाठी आधीच्या नोंदी नसतील तर नंतरचे आकडे निरुपयोगी. दर ५० हेक्टरला एक निरीक्षण विहीर निवडा आणि पाणलोटाबाहेर, तशाच खडकातल्या, तीन विहिरी तुलनेसाठी. भूजल यंत्रणेच्या धर्तीवर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये पातळी मोजा. पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला. ओढ्याचा मंद प्रवाह मोजायला ९० अंशाची व्ही-खाच (V आकाराची खाच पाडलेली आडवी फळी) लावा: खाचेवर १० सेंमी पाणी असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, २० सेंमी असेल तर सुमारे २५. प्रवाह कोणत्या तारखेला आटला, ही एक नोंद कुठल्याही महागड्या उपकरणाइतकी बोलकी आहे. पिण्याच्या विहिरींचे नायट्रेट वर्षातून दोनदा तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी वाढल्यावर खतेही वाढतात आणि तीन वर्षांत तो आकडा चढलेला दिसू शकतो.

आढावा घेताना यंदाची तुलना मागच्या वर्षाशी करू नका. जवळपास तेवढ्याच पावसाच्या जुन्या वर्षाशी करा. आतल्या विहिरी वाढल्या आणि बाहेरच्याही तेवढ्याच वाढल्या, तर श्रेय पावसाचे. उसाचे क्षेत्र आणि नव्या बोअरवेल यांची मोजणी आढाव्यात असलीच पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजार गावाने पावसाच्या मापाने पीक ठरवण्याचा आणि शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम ठेवला म्हणून तिथले पाणी टिकले. बंधारे तर इतर गावांतही होते.

तिसऱ्या वर्षाच्या आढाव्यानंतर फसलेल्या रचनांचे दोन गट करा. गाळाने भरलेल्या, पण बगल शाबूत असलेल्या रचना दुरुस्तीला. विहिरींचे पाणी ओढून घेणारे खोल टप्पे आणि खालच्या तलावाचा येवा तोडणारे बंधारे दुसऱ्या गटात: अशा बंधाऱ्यांना तळाशी दार बसवून ऑगस्टअखेरपर्यंत ते उघडे ठेवा, आणि खोल टप्प्यांत आडवे मुरमाचे बांध घालून तळ मूळ पातळीवर आणा. या कामाची रक्कम मूळ प्रकल्पातच राखून ठेवलेली हवी, नंतर त्यासाठी वेगळा निधी मिळत नाही.